आजारी लेंकराच्या नांवानें मेजवानी

मागील हिंवाळ्यांत आम्हांस एका मेजवानीचें आमंत्रण आलें. पत्रिका जाड, पांढरी व सोनेरी कडेची होती, आणि तिच्या मधोमध आमच्याच मंडळींतील एका आठ वर्षांच्या मुलीचें छायाचित्र छापलेलें होतें. त्या मुलीच्या उपचारासाठीं पैसा उभारावा ह्या हेतूनें पुण्यांतील कांहीं सधन व सदय गृहस्थांनीं हा समारंभ योजिला होता. शहरांत अशा समारंभास ‘चॅरिटी गाला’ म्हणतात. एका पानाची किंमत पांच हजार रुपये. जेवण, गाणें, चित्रांचा लिलाव, आणि सरतेशेवटीं त्या मुलीनें व्यासपीठावर येऊन सर्वांचे आभार मानणें, असा कार्यक्रम होता. आम्हांस पानाचे पैसे द्यावयाचे नव्हते, कारण मुलीचे पाळक ह्या नात्यानें आम्ही पाहुणे होतों. आम्ही गेलों, जेवावयास बसलों, आणि परत आल्यापासून एका प्रश्नानें आम्हांस स्वस्थ बसूं दिलेलें नाहीं. तो प्रश्न वाचकांपुढें मांडतों. आमच्या उपदेशक बंधूंवरहि असा प्रसंग केव्हां येईल ह्याचा नेम नाहीं.

मुलीचा रोग कोणता तें आधीं सांगितलें पाहिजे. त्यास थॅलॅसेमिया म्हणतात. रक्तास तांबडेपणा देणारा व प्राणवायु अंगभर पोंचविणारा जो हिमोग्लोबिन नांवाचा पदार्थ, तो ह्या रोगांत शरीरास नीट बनवितां येत नाहीं. हा रोग शिवाशिवीनें होत नाहीं, कोणाच्या दृष्टीनें होत नाहीं, आणि आईबापांच्या पापामुळें तर नाहींच नाहीं. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं प्रभूस जें विचारिलें त्याचें उत्तर ह्या घरासहि लागू आहे. आई व बाप दोघेहि धडधाकट असून दोघांच्याहि अंगीं त्याचा अंश गुप्त असला, म्हणजे त्यांच्या प्रत्येक लेंकरास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. रक्ताची एक साधी तपासणी केल्यास हा अंश आधींच कळतो. आपण ख्रिस्ती लोक लग्न जमवितांना जन्मपत्रिका पाहात नाहीं, हें ठीकच आहे. पण विवाहाची घोषणा वाचण्यापूर्वीं दोघांचें रक्त पाहावें, असें आम्ही अलीकडे प्रत्येक घरीं सांगत असतों, व ह्यावरून कोणी रागावले तरी सांगत राहूं.

असें लेंकरूं जगवावयाचें तर दर तीन-चार आठवड्यांनीं त्यास दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. त्या रक्ताबरोबर लोह येतें, तें हृदयांत व यकृतांत सांचतें, आणि तें काढून टाकण्यासाठीं रोज निराळें औषध घ्यावें लागतें. रोग मुळापासून घालविण्याचा उपाय म्हणजे निरोगी माणसाच्या हाडांतील मज्जा घेऊन ती रोग्यास देणें. ती जुळावी लागते. सख्ख्या भावंडाची जुळण्याचा संभव पुन्हां चारांत एकच. ह्या मुलीस पांच वर्षांचा धाकटा भाऊ आहे, आणि देवाची दया अशी कीं त्याची मज्जा जुळली. परंतु ह्या उपचाराचा खर्च लाखांनीं मोजावयाचा, आणि बाप तर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरील मजूर. पानाची जी किंमत आम्हीं वर सांगितली ती मिळविण्यास त्यास सुमारें अर्धा महिना राबावें लागतें.

आतां आम्हीं काय केलें तें सांगतों. पत्रिका छापण्यापूर्वीं संयोजकांकडून निरोप आला कीं मुलीस अवश्य आणावें. बापाच्या मनांत नव्हतें. तो आमच्या ओटीवर येऊन म्हणाला, “पाळकसाहेब, पोरगी लई लाजाळू हाय. तिला तिथं कशाला न्यायची? आपन दोघं जाऊ, मी हात जोडतो समद्यास्नी.” आम्हीं त्याला समजाविलें कीं लोक चेहरा पाहूनच देतात, लेंकराचा जीव मोठा कीं तुझा संकोच मोठा, देवाच्या कृपेचें दार उघडत असतां त्यांत गर्वानें आडवें पडूं नये. होय, त्याच्या नकारास आम्हीं गर्व म्हटलें. मग चार ओळींचें भाषण आम्हींच लिहून दिलें, व नाताळांत मुलांकडून वचनें पाठ करून घेतों त्याप्रमाणें तिच्याकडून तें पाठ करून घेतलें. पहिली ओळ ‘माझ्या मायबापांनो’ अशी होती. ती आम्हांस फार समर्पक वाटली होती.

समारंभ सायंकाळीं सातांस होता. मुलीस सहालाच एका बाजूच्या खोलींत नेऊन बसविलें, कारण तिनें आयत्या वेळीं बाहेर यावें अशी योजना होती. तिचा रक्त घेण्याचा दिवस चार दिवसांवर आला होता. असा दिवस जवळ आला म्हणजे ह्या मुलांस थकवा येतो, ओंठ पांढरे पडतात. दिवाणखान्यांत गोल मेजें होतीं, फुलें होतीं, आणि मोठ्या पडद्यावर एक चित्रपट दाखविण्यांत आला. त्यांत तीच मुलगी दवाखान्याच्या खाटेवर होती, हाताला सुई टोचलेली होती, आणि मागें सारंगी वाजत होती. अनेकांचे डोळे भरून आले. बाप मात्र पडद्याकडे न पाहतां आपल्या पायांकडे पाहात होता.

आम्हांस कोणाची निंदा करावयाची नाहीं. तेथें जमलेले लोक दुष्ट नव्हते. एका वृद्ध बाईनें आपल्या हातांतील बांगडी काढून लिलावांत दिली. एका डॉक्टरनें आपली फी सोडली, व तें कोणास सांगूं नये अशी विनंति केली. ती विनंति आम्ही ह्या ओळीनें थोडीशी मोडीत आहों. दुसरे कांहीं आपल्या कंपनीचें नांव पडद्यावर किती वेळ राहतें इकडे लक्ष देऊन होते, हेंहि खरें. पण आपल्या मंडळींत वर्गणीची यादी वाचतांना आपलें नांव सुटलें तर कोण रुसत नाहीं?

मुलगी आली. तिनें दोन ओळी म्हटल्या, तिसरी विसरली, आणि पुढच्या मेजावरून आम्ही ओंठ हालवून ती आठवून देऊं लागलों. तिला दिसलें नाहीं. ती गप्प उभी राहिली, आणि तिचें तें गप्प उभें राहणेंच सभेस इतकें हृदयद्रावक वाटलें कीं टाळ्यांचा गजर झाला व लिलावांत आणखी पैसे आले. त्या क्षणीं आम्हांस आनंद झाला. हें आम्ही लपवीत नाहीं. भाषण विसरल्याचा फायदाच झाला असें आमच्या मनांत आलें.

मग ताटें आलीं. दहा वाजत आले असतील. बाप मागून हळूच आमच्या खुर्चीपाशीं आला व वाकून म्हणाला, “पाळकसाहेब, पोरीनं दुपारधरनं काय खाल्लं न्हाई. तिला हितलं काय चालंल का?”

आमचें ताट भरलेलें होतें. मुलीचें पान कोणींच धरलें नव्हतें. तीनशें पानें मोजलीं होतीं, आणि ज्या लेंकराच्या नांवानें तीं मांडलीं होतीं तें मोजण्यांतून सुटलें होतें. कोणीं मुद्दाम केलें नव्हतें; ज्यानें त्यानें समजावें कीं दुसऱ्यानें पाहिलें असेल. आम्ही आमचें ताट उचलून त्या खोलींत गेलों, पण त्यांतील मसालेदार पदार्थ तिला खाववेनात. शेवटीं एका वाढप्यानें आपल्या डब्यांतील वरणभात तिला दिला. तो मुलगा वीस-बाविशीचा असेल. त्याचें नांव विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

तेव्हां प्रश्न हा कीं, आजारी लेंकराच्या जिवासाठीं असा समारंभ करणें व त्यास जाणें योग्य आहे काय?

नाहीं, असें एकदम म्हणून टाकणें सोपें आहे, आणि खेड्यांतील माणसास शहराच्या मेजवानीस नाकें मुरडणें तर फारच सोपें. पण तें न्यायाचें होणार नाहीं. ‘मसीहा’ ह्या नांवाचें हॅन्डेलचें जें संगीत आज जगभर ख्रिस्ती मंडळ्या गातात, तें प्रथम डब्लिन शहरांत १७४२ च्या एप्रिलांत एका धर्मार्थ कार्यक्रमांतच गाइलें गेलें. त्याचा पैसा दोन रुग्णालयांस व कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्यांस सोडविण्यास गेला, आणि १४२ कैदी सुटले. गर्दी इतकी होण्याचा संभव होता कीं स्त्रियांनीं फुगीर घागऱ्यांचे सांगाडे घालूं नयेत व पुरुषांनीं कमरेस तरवारी लटकावूं नयेत, म्हणजे अधिक लोक मावतील, अशी आगाऊ विनंति छापण्यांत आली होती. दान करावयास जातांना थोडी जागा कमी व्यापावी ही सूचना आम्हांस अजूनहि उपयोगाची वाटते. आपल्या देशांतील उदाहरण घ्यावें तर वेल्लोरचें आहे. डॉ. आयडा स्कडर ह्यांनीं न्यूयॉर्कमध्यें दारोदार जाऊन स्त्रियांच्या रुग्णालयासाठीं पैसा मागितला, व एका सधन गृहस्थानें आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगींतून १९०२ सालीं तेथें रुग्णालय उभें राहिलें. श्रीमंताच्या पैशास विटाळ मानून ती बाई परत फिरली असती, तर किती बाळंतिणी मेल्या असत्या हें देवच जाणे. म्हणून धनवानांकडे मागावें कीं मागूं नये, हा आमचा प्रश्नच नाहीं.

आमचें मन ज्या ठिकाणीं अडतें ती जागा निराळी आहे, आणि ती दाखविण्यास त्याच हॅन्डेलच्या दुसऱ्या एका समारंभाकडे जावें लागतें. लंडनमध्यें कॅप्टन थॉमस कोरम नांवाच्या सत्पुरुषानें टाकून दिलेल्या अर्भकांसाठीं अनाथालय काढलें. राजाची सनद त्यास १७३९ सालीं मिळाली. तेथील उपासनामंदिरांत १७५० पासून ‘मसीहा’ गाइला जाऊं लागला, व त्यावर हजारों पौंड जमले. परंतु त्याच अनाथालयांत, जागा थोड्या व माता पुष्कळ असल्यामुळें, १७४२ पासून चेंडूंची सोडत सुरू झाली. एका पिशवींत रंगीत चेंडू असत. मातेनें हात घालून एक काढावा. पांढरा निघाला तर लेंकरास प्रवेश, तांबडा निघाला तर थांबून पाहावें, काळा निघाला तर लेंकरूं कडेवर घेऊन आल्या वाटेनें परत जावें. आणि तें पाहावयास शहरांतील थोर घराण्यांतील स्त्रिया आमंत्रणावरून येऊन बसत. त्यांच्याच पैशानें तीं लेंकरें वांचत होतीं. त्यांस पाहावयास काय हरकत? असें त्यांस वाटत असेल, आणि आम्हांसहि त्या दिवाणखान्यांत तसेंच वाटलें होतें.

आमच्या मुलीस पांढरा चेंडू निघाला होता. ती दिसावयास गोड आहे. ज्या वॉर्डांत तिला रक्त देतात तेथेंच शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची दुसरी एक मुलगी येते. तिला वेळेवर रक्त न मिळाल्यामुळें ह्या रोगांत होतें तसें तिच्या गालाचीं हाडें पुढें आलेलीं आहेत, दांत पुढें आलेले आहेत, आणि तिचें छायाचित्र कोणत्याहि पत्रिकेवर छापलें जाणार नाहीं. हा विचार मेजवानीपूर्वीं आमच्या मनांत एकदांहि आला नाहीं. चेहरा पाहूनच लोक देतात हें आम्हीं बापास मोठ्या शहाणपणानें सांगितलें, पण तें वाक्य त्या दुसऱ्या मुलीच्या बापास ऐकावें लागलें असतें तर त्याचा अर्थ काय झाला असता?

डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें दान गुप्तपणें करावयास सांगितलें तें आपण सर्व जाणतों, व त्यावर उपदेशहि पुष्कळ करतों. पण त्या वचनाचा अर्थ आपण सदा देणाऱ्याच्या बाजूनें लावितों: कर्णा वाजविला तर स्वर्गांतील प्रतिफळ बुडेल. घेणाऱ्याच्या बाजूनें तें वचन आम्हीं तरी कधीं वाचलें नव्हतें. कर्णा वाजला म्हणजे ज्यास दान मिळालें त्याच्याकडे सारा गांव पाहूं लागतो. दात्याचें जें बुडतें तें पुढील जगांत. घेणाऱ्याचें जें बुडतें तें त्याच चौकांत, त्याच वेळीं. आठ वर्षांच्या मुलीस आपण कोणाचें तरी देणें लागतों ही जाणीव आम्हीं पाठ करून दिली. तिचें आयुष्य अजून वांचावयाचें होतें, आणि त्याची पावती आधींच तिच्या तोंडून घेतली.

परत येतांना गाडींत मुलगी झोंपली होती. उतरतांना जागी झाली व तिनें आम्हांस विचारिलें, “बाबा, मी ती वळ विसरली, तर ते पैसे परत घेतील का?” आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. पण हा प्रश्न तिच्या मनांत घालणारे कोण होते?

याईराच्या मुलीची गोष्ट आम्हीं आजवर निदान वीस वेळां उपदेशांत सांगितली असेल. प्रभूच्या सामर्थ्याविषयीं सांगितली, विश्वासाविषयीं सांगितली. त्या रात्रीं ती आम्हांस दुसऱ्याच रीतीनें आठवली. प्रभु त्या घरीं आला तेव्हां तेथें मोठी गर्दी होती, रडणें होतें, गलबला होता. त्यानें सर्वांस बाहेर घालविलें. आईबाप व तीन शिष्य एवढेच आंत ठेविले. मुलीचा हात धरून तिला उठविलें. मग कोणास हें कळूं नये म्हणून निक्षून सांगितलें, आणि तिला खावयास द्या असें सांगितलें. मार्कानें हें शेवटचें वाक्य कां लिहून ठेविलें असेल ह्याविषयीं सेमिनरींत आमच्या गुरुजींनीं पुष्कळ सांगितलें होतें. मेलेली खरोखर उठली ह्याचें तें प्रमाण आहे, वगैरे. तें असेलहि. पण बापाच्या त्या कुजबुजीनंतर आम्हांस इतकेंच दिसतें कीं त्या खोलींत मुलीस भूक लागली असेल हें एकाच्याच ध्यानांत आलें, आणि तो प्रभु होता.

कोणी म्हणेल, प्रभूनेंहि एका बालकास मध्यें उभें केलें होतें. खरें आहे. पण कोणासमोर व कशासाठीं? आपणांत मोठा कोण म्हणून जे वाद घालीत होते त्या शिष्यांसमोर, त्यांस लाज वाटावी म्हणून. आणि लगेच त्यानें त्यास कवेंत घेतलें. त्या बालकाला भाषण करावें लागलें नाहीं.

शहरावर इतकें बोलल्यावर आपल्या अंगणांतहि पाहूं. आपला सुगीचा सण म्हणजे आपला गालाच होय. कोंबडी, भोपळा, जोंधळ्याचीं कणसें, अंडीं अशीं अर्पणें येतात, त्यांचा लिलाव होतो, आणि एका अंड्यास कोंबडीची किंमत येते तेव्हां सर्व मंडळी हंसते व आनंद करते. ह्यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. पण दोन वर्षांपूर्वीं आम्हींच लिलाव पुकारतांना, हें अंडें अमुक विधवेचें, तिच्या घरीं दुसरें कांहीं नाहीं, असें म्हणून किंमत वाढविली होती. ती बाई पदर तोंडावर घेऊन मागें बसली होती, व पुढच्या वर्षीं तिनें कांहींच आणलें नाहीं. तें कां, हें आम्हांस आतां समजलें. मंदिरांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेविषयीं प्रभु बोलला तें आपल्या शिष्यांस जवळ बोलावून. तिला हांक मारून उभें केलें असें शुभवर्तमानांत कोठें लिहिलेलें नाहीं. ह्याहून मिझोराममधील आपल्या भगिनींची रीत आम्हांस बरी वाटते. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळींच्या स्त्रिया १९१० पासून प्रत्येक वेळीं स्वयंपाकास तांदूळ काढतांना एक मूठ प्रभूच्या कामासाठीं बाजूस ठेवितात, व त्या मुठींवर मोठमोठालीं कामें चालतात. कोणाची मूठ कोणती हें पोत्यांत कळत नाहीं.

आणि एवढ्या दूर तरी कशाला जावें? ही मुलगी आठ वर्षें जगली ती कशावर? रक्तावर. वर्षास पंधरा-सोळा वेळां धरलें तरी शंभराहून अधिक अनोळखी माणसांचें रक्त तिच्या अंगांत गेलें. त्यांत हिंदु असतील, मुसलमान असतील, बौद्ध असतील, तिला आपल्या घरांत पाणीहि न देणारे कोणी असतील. पिशवीवर अंक असतो व रक्ताचा गट असतो, नांव नसतें. त्यांपैकीं एकानेंहि तिचा चेहरा पाहिला नाहीं, तिचें भाषण ऐकिलें नाहीं. तिला जें मिळालें त्यांत सर्वांत मोठें तेंच होतें, आणि त्याचें ओझें तिच्यावर मुळींच नाहीं. पुण्याच्या त्या सभेंत ह्या शंभर जणांचा उल्लेखसुद्धां झाला नाहीं. भाषण आम्हींच लिहिलें होतें. तेव्हां ही चूकहि आमचीच.

आणखी एक गोष्ट सांगतांना आम्हांस फार जड वाटतें. मेजवानीनंतर तीन आठवड्यांनीं एका रुग्णालयांतील समाजसेविकेनें बापास विचारिलें, “तुम्ही योजनेचा अर्ज केला नाहींत काय?” कोणती योजना? कोल इंडिया ह्या सरकारी कंपनीनें २०१७ सालीं थॅलॅसेमिया बाल सेवा योजना सुरू केली आहे. ज्या गरीब मुलांस सख्ख्या भावंडाची मज्जा जुळते त्यांस ठराविक रुग्णालयांत रोपणासाठीं दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य तींतून मिळूं शकतें. ज्या थोड्या रुग्णालयांपासून तिचा आरंभ झाला त्यांत वेल्लोरचें आपलें ख्रिस्ती रुग्णालयहि होतें. शिवाय २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयींच्या कायद्यांत ह्या रोगाची गणना केलेली आहे. हें सारें छापलेलें होतें. बापास वाचतां येत नाहीं; आम्हांस येतें. आम्हीं एकाहि दारावर थाप मारिली नव्हती. जें तिला हक्कानें मागतां येण्याजोगें होतें, तें आम्हीं तिला हात जोडून मागावयास लाविलें, आणि वर तिच्या बापाच्या संकोचास गर्व म्हटलें.

मेजवानीचा पैसा म्हणून वायां गेला असें नाहीं. रोपण झालें म्हणजे काम संपत नाहीं. कित्येक आठवडे मुलीस निराळ्या खोलींत ठेवावें लागतें, तिचे केंस जातात, घरचीं माणसें परगांवीं भाड्यानें राहतात, बापाची मजुरी बुडते, पुढें अनेक महिने औषधें चालतात. हें कोणत्याहि योजनेच्या हिशेबांत पुरतें बसत नाहीं. त्या बाईची बांगडी व त्या डॉक्टरची फी ह्यांचा उपयोग झाला, आणि त्यांविषयीं आम्ही देवाचे आभार मानतों. पुन्हां असें आमंत्रण आलें तर आम्ही जाऊं. जाण्यापूर्वीं मात्र तीन गोष्टी विचारूं: अर्ज केला आहे काय, लेंकरूं घरीं राहिलें तर चालेल काय, आणि शेजारच्या खाटेवर कोण आहे. तिसऱ्या प्रश्नास संयोजकांकडे उत्तर नसेल, आणि आमच्याकडेहि अजून नाहीं. त्या दुसऱ्या मुलीस भावंड नाहीं. तिच्यासाठीं सध्यां रक्ताखेरीज दुसरा उपाय दिसत नाहीं, म्हणून गेल्या महिन्यांत देवळाच्या पडवींत रक्तपेढीच्या लोकांस बोलाविलें. एकतीस जण आले. त्यांतून नऊ जणींस स्वतःचेंच रक्त कमी म्हणून परत पाठविलें. आपल्या घरांतील बायका शेवटीं जेवतात व उरलेलें खातात, त्याचा हा हिशेब आहे; त्यावर निराळें लिहावें लागेल.

मुलीचें रोपण उन्हाळ्यांत झालें. भावाच्या कमरेच्या हाडांतून मज्जा काढली, व ती रक्तासारखीच तिच्या शिरेंतून तिला दिली. पांच वर्षांच्या मुलास होय किंवा नाहीं म्हणण्याची समज कितपत असते, हा एक वेगळाच प्रश्न आहे. त्याला ताईसाठीं थोडें दुखेल एवढें सांगितलें होतें, व तो एकदांच रडला असें आई सांगते. अजून धोका टळला असें डॉक्टर म्हणत नाहींत.

मध्यंतरीं संयोजकांकडून पत्र आलें कीं स्मरणिकेसाठीं मुलीनें आपल्या हातानें काढलेलें आभाराचें एक चित्र पाठवावें. बाप आमच्याकडे आला. “पाळकसाहेब, धाडू का नको?” ह्या वेळीं आम्हीं उपदेश केला नाहीं, तें तिचें तिला विचारा, एवढेंच म्हटलें. तिनें दुसऱ्या दिवशीं चित्र काढून दिलें, व बापानें तें पाठविण्यापूर्वीं आम्हांस दाखविलें. त्यांत दिवाणखाना नव्हता, मेजें नव्हतीं, टाळ्या वाजविणारीं माणसें नव्हतीं. एक लहान मुलगा होता, आणि त्याच्या कमरेवर पांढरी पट्टी होती. हातांत त्याच्या डोक्याएवढा मोठा लाडू होता.